‘ही शिकाऊ आहे का हो?’ : वॉर्डातल्या विद्यार्थिनींवर लक्ष कोण ठेवतं आणि कसं

सकाळचे साडेआठ. मेडिसिनच्या वॉर्डात १४ नंबरच्या खाटेभोवती सहा मुली. खिशात छोटी वही, गळ्यात नवाकोरा स्टेथोस्कोप. त्यांतली एक आजोबांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. आजोबांचा मुलगा माझ्यापाशी येतो आणि हळूच विचारतो, “सिस्टर, ही शिकाऊ आहे का हो?”

एकवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच ओळखू येतो. त्याला खरं तर दोन गोष्टी विचारायच्या असतात. आमच्या माणसावर हिचा हात बसवणं चाललंय का? आणि चाललंच असेल, तर हिच्याकडे बघतंय कोण?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर रुग्णालयागणिक, वॉर्डागणिक आणि कधीकधी तर ड्यूटीवर कोणती सिस्टर आहे त्यावर बदलतं. ते तसं बदलू नये, एवढंच मला सांगायचंय. पण ते का बदलतं हे कळायला आधी थोडी मुळापासून सुरुवात करावी लागेल.

मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तीनशेहून अधिक कॉलेजांची तपासणी उच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवली, आणि २०२४ च्या मे महिन्यात तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनाच लाच घेतल्याबद्दल अटक झाली. पैसे खाल्ले, हे लोकांना लगेच कळलं. कॉलेजच्या इमारतीत फळा आहे, बाकं आहेत, पण मुलींना शिकायला पेशंटच नाहीत, यात एवढं बिघडलं काय, हे मात्र अनेकांना उमगलं नाही. एका शेजाऱ्यांनी मला विचारलंसुद्धा, “पुस्तकं वाचून परीक्षा देतातच ना?”

देतात. पण नुसत्या पुस्तकावर नर्स होत नाही.

पोस्टिंग म्हणजे काय

नर्सिंगला जाणाऱ्या मुलीपुढे मुख्य रस्ते तीन. दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम आणि चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. (मुलगेही असतात, वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. मी मुली म्हणतेय ते सवयीनं.) या तिन्हींत वर्गाइतकाच महत्त्वाचा भाग असतो तो खऱ्या रुग्णालयात, खऱ्या पेशंटसोबत काढलेल्या दिवसांचा. त्याला पोस्टिंग म्हणतात. काही आठवडे मेडिसिन, मग सर्जरी, मग लहान मुलांचा वॉर्ड, बाळंतपणाचा वॉर्ड, मनोरुग्णालय, गावातलं उपकेंद्र, असं फिरत राहायचं.

या दिवसांना किती वजन आहे ते नियमांतूनच दिसतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार परीक्षेला बसायला वर्गातली ८० टक्के हजेरी चालते. प्रात्यक्षिकाची हजेरी मात्र पदवी हातात पडण्याआधी १०० टक्के भरावी लागते. टायफॉइडनं पंधरा दिवस घरी पडलेली मुलगी बरी होऊन आली की ते पंधरा दिवस वॉर्डात भरून देते. २०२१ पासून लागू झालेल्या बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात शेवटचं, आठवं सत्र जवळजवळ सगळं रुग्णालयातच असतं. २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, म्हणजे १,०५६ तास.

पण तास भरणं आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉर्डाच्या कोपऱ्यात खिडकीपाशी उभं राहूनही तास भरतात. मी स्वतः विद्यार्थिनी असताना एका पोस्टिंगमध्ये पहिले चार दिवस फक्त चादरी बदलल्या आणि औषधांच्या कपाटाच्या काचा पुसल्या, कारण आम्हाला काय करू द्यायचं हे वॉर्डात कुणालाच ठाऊक नव्हतं. हजेरी पूर्ण लागली.

बाहुलीला दुखत नाही

हल्ली प्रत्येक चांगल्या नर्सिंग कॉलेजात स्किल लॅब असते. तिथे माणसाएवढी रबरी बाहुली असते. तिच्या दंडात इंजेक्शन द्या, नळी घाला, छातीवर दाब द्या. बाहुली ओरडत नाही, रडत नाही, “आधी हात धुतलेस का गं?” असं विचारत नाही.

जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली शिकण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, त्या इथे कामी येतात. पहिली पायरी म्हणजे माहीत असणं. दुसरी, कसं करायचं ते सांगता येणं. तिसरी, कुणासमोर तरी करून दाखवता येणं. आणि चौथी, रोजच्या गडबडीत, कुणी परीक्षा घेत नसताना, ते बरोबर करणं. वर्ग पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत नेतो. लॅब आणि तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा तिसरीपर्यंत. चौथी पायरी वॉर्डाबाहेर नाहीच.

पुरणपोळीचं उदाहरण घ्या. कृती पाठ असते, व्हिडिओ दहादा पाहिलेला असतो, आईसमोर एक पोळी जमलेलीही असते. मग घरात पंधरा माणसं जेवायला बसलेली, तवा तापलेला, पुरण थोडं सैल झालेलं, आणि बाहेरून हाक, “झाली का गं?” तेव्हा जी पोळी फुटत नाही ती चौथ्या पायरीवरची. वॉर्डात फरक इतकाच की इथे पोळी फुटून चालत नाही. म्हणून तर शेजारी कुणीतरी लागतं.

विहिरीवरचा काका

माझ्या मते या सगळ्याचं मर्म गावाकडे विहिरीत पोहायला शिकवतात त्यात आहे.

पहिल्या दिवशी पाठीला डबा बांधतात आणि काका स्वतः पाण्यात उतरतो, पोटाखाली हात धरतो. काही दिवसांनी हात काढून घेतो, पण पाण्यात शेजारीच असतो. मग तो पायरीवर बसतो, पाय पाण्यात सोडून. मग डबा सुटतो. मग काका काठावर उभा राहून शेजाऱ्याशी बोलत असतो, पण नजर पाण्यावर. एक दिवस तो घरी जेवायला जातो आणि पोरगं पोहत राहतं.

वॉर्डात विद्यार्थिनीवर लक्ष ठेवायचं म्हणजे हेच अंतर ठरवायचं. मी माझ्यापुरती तीन अंतरं धरते.

हाताचं अंतर. मुलगी पहिल्यांदा स्नायूत इंजेक्शन देतेय, पहिल्यांदा लघवीची नळी घालतेय. मी इतकी जवळ की गरज पडली तर तिच्या हातातून सिरिंज घेऊ शकेन. औषध भरण्याआधी ती मला मोठ्यानं सांगते: पेशंट कोण, औषध कुठलं, किती, कुठल्या मार्गानं, किती वाजता. या पाच गोष्टी नर्सिंगचा श्रीगणेशा आहेत, आणि त्या मनात म्हटलेल्या मी धरत नाही.

नजरेचं अंतर. ड्रेसिंग तिनं चार-पाचदा नीट केलंय. आता मी दोन खाटा सोडून केसपेपर लिहितेय, पण ती निर्जंतुक चिमटा कुठे ठेवते ते मला दिसतंय.

हाकेचं अंतर. ताप-नाडी-श्वास मोजणं, पेशंटला कुशीवर वळवणं, आंघोळ घालणं. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असले तरी चालतं, फक्त तिनं “सिस्टर!” म्हटलं तर ऐकू आलं पाहिजे आणि मी गेले पाहिजे.

इथे एक चूक सर्रास होते. हे अंतर मुलीच्या वर्षावर ठरवलं जातं. ‘तिसऱ्या वर्षाची आहे, तिला येतं सगळं.’ पण अंतर कामावर ठरतं. तिसऱ्या वर्षाची हुशार मुलगी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात पहिल्यांदा आली की ती पुन्हा पाण्यात, डब्यासकट. आणि पहिल्या वर्षाची एखादी शेतकऱ्याची पोरगी, जिनं घरी अंथरुणाला खिळलेल्या आजीचं दोन वर्षं सगळं केलंय, तिला पेशंटची कूस कशी बदलायची हे मी काय शिकवणार? उलट मीच तिच्याकडून एकदा शिकले, खांद्याखाली हात आधी घालायचा की कमरेखाली ते.

दुसरी गोष्ट, काका नेमका कुठे आहे हे पोराला माहीत हवं. मागे वळून पाहिलं आणि काका नाही, हा अनुभव पोहणं कायमचं सोडायला पुरेसा असतो.

सगळ्यांचंच बीपी १२०/८०

लक्ष ठेवणं म्हणजे पहारा देणं नाही हे मला एका तक्त्यानं शिकवलं. नवीन बॅचच्या एका मुलीनं सकाळी आठ पेशंटचं बीपी घेतलं होतं. आठही १२०/८०. त्यात एक आजी होत्या ज्यांच्यासाठी मी स्वतः पहाटे डॉक्टरांना बोलावलं होतं.

बीपी मोजताना पट्ट्यातली हवा हळूहळू सोडत जायची आणि स्टेथोस्कोपमधून नाडीचा ठोका कधी ऐकू यायला लागतो आणि कधी थांबतो ते टिपायचं. नवख्या कानाला पहिले काही दिवस काहीच ऐकू येत नाही. वॉर्डात पंखे फिरत असतात, शेजारी कुणी खोकतं, मावशी बेडपॅनची विचारपूस करत असतात. ऐकू आलं नाही असं म्हणायची लाज वाटते, म्हणून पुस्तकातला आकडा लिहिला जातो. श्वासाचं तसंच. मिनिटभर छाती बघत बसायचा कंटाळा आला की वीस.

मी तिला झापू शकले असते. आधी झापलंच असतं. त्या दिवशी मात्र टीचिंग स्टेथोस्कोप काढला. त्याला कानात घालायच्या नळ्यांच्या दोन जोड्या असतात, म्हणजे दोघींना एकच ठोका ऐकू येतो. “आता... ऐकलंस? आणि आता थांबला.” तिसऱ्या पेशंटला तिनं माझ्या आधी सांगितलं. त्यानंतरच्या तक्त्यात एका खाटेपुढे तिनं लिहिलं होतं, ‘ऐकू आले नाही, सिस्टरना सांगितले’. तो तक्ता मी जपून ठेवायला हवा होता.

यातून एक सोपा नियम मी उचलला. चुकीचं काम केलं तर दुरुस्त करायचं, आणि ‘येत नाही’ म्हटलं तर कधीही रागवायचं नाही. कारण ज्या दिवशी मुली ‘येत नाही’ म्हणणं बंद करतात त्या दिवसापासून तक्त्यावरचे आकडे खोटे होतात.

आणि काही सांगायचं असेल तर पेशंटच्या उशाशी नाही. औषधखोलीत, दोन मिनिटं, लगेच. ‘तुझं ड्रेसिंग ठीक होतं’ याला काही अर्थ नाही. ‘जखम आतून बाहेर पुसलीस ते बरोबर, पण चिमट्याचं टोक चादरीला लागलं होतं, तेव्हा चिमटा बदलायचा’ याला अर्थ आहे.

मग हा काका कोण?

आता गोष्ट अवघड व्हायला लागते.

विद्यार्थिनींसोबत कॉलेजची शिक्षिका येते. सरकारी भाषेत तिला पाठ्यनिर्देशिका म्हणतात, मुली ‘मॅडम’ म्हणतात. वॉर्डात काम करणारी नर्स म्हणजे अधिपरिचारिका, जिला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. वॉर्डाची प्रमुख परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर. आता सांगा, १४ नंबरच्या खाटेपाशी बीपीचा पट्टा गुंडाळणाऱ्या मुलीवर लक्ष कुणाचं? मॅडमना वाटतं सिस्टरचं, कारण वॉर्ड त्यांचा. सिस्टरना वाटतं मॅडमचं, कारण मुली त्यांच्या. दोघी बरोबर असतात आणि मुलगी एकटी असते.

नियमांत दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. ६० जागांच्या कॉलेजात चार वर्षांच्या मिळून २४० मुली, म्हणजे २४ शिक्षक. ऐकायला बरं वाटतं. पण त्यातले काही वर्गात शिकवतायत, काही परीक्षेच्या कामात, एखादी बाळंतपणाच्या रजेवर. राहिलेल्या मॅडम तीन वॉर्डांत विखुरलेल्या मुलींमागे जिने चढत-उतरत असतात.

अजून एक आकडा मला नेहमी गंमतीचा वाटतो. एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट असावेत, असं परिषदेचं मोजमाप आहे. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात एका नर्समागे तीन पेशंट, असं परिषदेचंच दुसरं मोजमाप आहे. म्हणजे कागदावर त्याच तीन पेशंटपाशी एक नर्स आणि एक विद्यार्थिनी. काका आणि पोर, अगदी जोडीनं! प्रत्यक्षात मी रात्रपाळीला ४० पेशंटमागे एकटी उभी राहिलेली आहे. त्या रात्री कुणी मला विचारलं असतं की विद्यार्थिनीला शिकवाल का, तर मी काय उत्तर दिलं असतं ते इथे छापता येणार नाही.

म्हणून उत्तर एकच आहे आणि ते बऱ्याच चांगल्या वॉर्डांमध्ये आधीपासून चालतं. सकाळच्या हँडओव्हरलाच, म्हणजे पाळी बदलताना, नाव घेऊन ठरवायचं. ‘ही मुलगी आज दुपारी दोनपर्यंत या सिस्टरसोबत. या तीन खाटा दोघींच्या.’ आणि त्या सिस्टरला त्या दिवशी दोन पेशंट कमी द्यायचे. हा शेवटचा भाग कुणी करत नाही. शिकवायला वेळ लागतो ही साधी गोष्ट आहे. पाच मिनिटांचं ड्रेसिंग मुलीकडून करून घ्यायला वीस मिनिटं जातात. ती पंधरा मिनिटं कुठून आणायची हे न ठरवता ‘विद्यार्थ्यांना सहकार्य करावे’ असं परिपत्रक काढणं म्हणजे विहीर दाखवून काका न देणं.

शिकवणारीनंच पास करावं का?

ब्रिटनमध्ये २०१८ साली तिथल्या नर्सिंगच्या नियामक मंडळानं एक बदल केला. आधी तिथे एकच ‘मेंटॉर’ मुलीला शिकवायची आणि तीच पास-नापास ठरवायची. आता दोन वेगळ्या व्यक्ती लागतात. एक वॉर्डात रोज लक्ष ठेवणारी आणि दुसरी मूल्यमापन करणारी. एकाच मुलीसाठी एकाच वेळी या दोन्ही जबाबदाऱ्या एका व्यक्तीकडे देता येत नाहीत. शिवाय कॉलेजकडून तिसरी असते. आपल्याकडून परीक्षा देऊन तिकडे गेलेल्या नर्सही आता तिथल्या वॉर्डांत हे काम करतात.

कारण फार मानवी आहे. स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की मुलीला जमत नाही हे दिसत असूनही मेंटॉर तिला नापास करायला कचरतात. तीन वर्षांची मेहनत, घरची परिस्थिती, ‘पुढच्या पोस्टिंगला शिकेल’ ही आशा. सहा आठवडे जिच्यासोबत डबा खाल्ला तिच्या वहीवर ‘नापास’ लिहायला हात धजत नाही. मला हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही. मी स्वतः एकीच्या वहीवर सही केली होती, नळी घालताना तिचे हात निर्जंतुक राहत नाहीत हे माहीत असूनही. ती सही मला अजून आठवते.

आपल्याकडे यावर केस बुकचा उपाय आहे, म्हणजे किती कामं केली त्याची नोंदवही. त्यातच दुसरा रोग आहे. बाळंतपणाच्या पोस्टिंगसाठी कित्येक वर्षं २० नॉर्मल प्रसूती करायची अट होती. एका लेबर रूममध्ये डॉक्टरीच्या मुली, एएनएमच्या मुली, बी.एस्सी.च्या मुली, सगळ्यांना त्याच प्रसूती हव्या असतात. मग एका बाळाच्या जन्माच्या पाच वह्यांत पाच नोंदी होतात. एकीनं बाळ धरलं, चौघींनी बघितलं, सह्या पाचही वह्यांवर. आकडा भरला. २०२१ च्या अभ्यासक्रमात ऑस्कीसारख्या परीक्षा आल्यात. त्यात छोट्या-छोट्या टेबलांवर ठरावीक मिनिटांत काम करून दाखवायचं आणि ठरावीक यादीवर गुण द्यायचे. त्यानं थोडा फरक पडेल, पण ती झाली तिसरी पायरी. चौथी पायरी वॉर्डातलीच कुणीतरी बघून सांगायची असते.

‘स्टाफ कमी आहे, मुली आहेत ना!’

हा आक्षेप बाहेरचे नाही, आम्हीच घेतो. आणि तो खोटा नाही. मुली नसतील तर काही वॉर्डांत पेशंटच्या अंघोळी होणार नाहीत.

पण मुलगी रिकाम्या जागेवरची नर्स नाही. तिला वॉर्डाच्या कामातून वेगळं काढा असं मी म्हणत नाही, कारण काम केल्याशिवाय ती शिकणार कशी? कसोटी एवढीच ठेवा: आज ही मुलगी आली नसती तर हे काम झालं असतं का? झालं नसतं, असं उत्तर असेल तर ती शिकायला आलेली नाही, राबायला आलीय. सलग तीन दिवस फक्त टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वास, घेणारी तिसऱ्या वर्षाची मुलगी वॉर्डाचं काम वाचवते, पण त्या तीन दिवसांत तिचं नवीन काही शिकून होत नाही. आणि दोन वर्षांनी तीच एकटी रात्रपाळीला उभी राहणार आहे, कदाचित तुमच्या वडिलांच्या खाटेपाशी.

चूक झालीच तर?

विद्यार्थिनीची अजून परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली नसते. म्हणून तिच्या हातून काय करू द्यायचं ही जबाबदारी ते काम तिच्यावर सोपवणाऱ्याची आणि रुग्णालयाची राहते. ‘मुलीनं केलं’ ही ढाल होत नाही.

दिल्लीतल्या एका खाजगी रुग्णालयाच्या प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यात विद्यार्थिनी नव्हती, पण धडा हाच आहे. टायफॉइडच्या लहान मुलासाठी क्लोरॅम्फेनिकॉल लिहिलं होतं, नर्सनं क्लोरोक्वीन समजून ते मागवलं आणि शिरेतून दिलं. मुलाचं हृदय बंद पडलं, मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स पुरेशी पात्र नव्हती हेही पुढे आलं. न्यायालयानं रुग्णालयाला जबाबदार धरलं आणि मुलासोबत आईवडिलांनाही भरपाई देववली. दोन औषधांची नावं वाचून बघा, सुरुवात एकच. पाच गोष्टी मोठ्यानं म्हणवून घेण्याचा माझा हट्ट तिथून आलाय.

चूक मुलीच्या स्वतःच्या अंगावरही येते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका, हे पहिल्या आठवड्यात शंभरदा सांगूनही कुणीतरी लावतंच आणि बोट टोचतं. तेव्हा करायचं ते असं: जखम पिळायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्य तर दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावी लागतात, पुढे २८ दिवस. हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तीन डोस वॉर्डात पाय ठेवण्याआधीच झालेले हवेत. औषधं सगळ्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत मिळतात. अडतं कुठे? मुलगी दोन दिवस सांगतच नाही, ‘सिस्टर ओरडतील’ म्हणून. मी पुन्हा तिथेच येते. ओरडणारी सिस्टर कडक शिस्तीची आहे असं मानायची वॉर्डात पद्धत आहे. मला ती ७२ तास खाणारी सिस्टर वाटते.

पेशंटच्या घरच्यांनी काय करावं

विद्यार्थिनीकडून काही करून घ्यायचं नसेल तर नाही म्हणता येतं. विशेषतः उघडं करावं लागणाऱ्या तपासण्या, प्रसूती, नळ्या. तुमच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये. तुम्ही स्पष्ट बोलू शकत नसाल तर आम्ही विचारायला हवं, हे अजून सगळीकडे होत नाही, मान्य आहे.

पण सरसकट नाही म्हणू नका, ही विनंती. तुमच्या आजोबांना बेडसोअर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची आठवण बहुधा त्या मुलीच ठेवतात. आमच्या वॉर्डात पेशंटशी सगळ्यांत जास्त बोलतात त्याही मुलीच, कारण त्यांना केस लिहायची असते आणि त्यासाठी सगळं विचारावं लागतं. एका काकूंना साखर असल्याचं आम्हाला कळलं ते पहिल्या वर्षाच्या मुलीमुळे. तिनं विचारलं होतं, “काकू, चहा बिनसाखरेचा का पिता?”

‘ही शिकाऊ आहे का’ यापेक्षा चांगला प्रश्न आहे: “बाळ, तुझ्यासोबतच्या सिस्टर कोण?” तिनं लगेच बोट दाखवलं आणि ती सिस्टर दिसत असेल, तर हात पुढे करा. तिनं इकडेतिकडे पाहिलं, तर म्हणा, “मग त्यांना बोलाव, तोवर थांबू आपण.” कुणी आलं नाही तर इन्चार्ज सिस्टरकडे जा. मुलीला वाईट वाटेल याची काळजी करू नका. बहुतेक वेळा तिलाच हायसं वाटतं.